बर्फाचा भाव

७ जानेवारी, मंगळवार

मोरेश्वर सबनीस आज बुटांचं खोकं काखेत धरून दारात उभे. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि यांच्या डोक्यावर टोपी नाही. पलीकडच्याच गल्लीत राहतात. इथल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात आम्ही कित्येक वर्षं एकमेकांना 'कसं काय' विचारतो, पण घरी कधी आले नव्हते. मंजुषावहिनी गेल्यापासून तर मंडळातही मागच्या खुर्चीत बसतात आणि जेवणाआधी निघून जातात.

"डॉक्टर, तुमच्याकडे मायक्रोस्कोप आहे म्हणे."

आहे. ऑक्टोबरमध्ये रिटायर झाले तेव्हा लॅबने माझा जुना मायक्रोस्कोप मलाच देऊन टाकला. नवीन मुलं सगळं स्क्रीनवर बघतात. डायनिंगच्या खिडकीपाशी ठेवलाय. लोक तिथे कुंडी ठेवतात.

खोक्यात हॉकीची कार्डं निघाली. आपली मैदानातली हॉकी नव्हे; इथली, बर्फावरची. पुठ्ठ्याचा छोटा तुकडा, पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याचे आकडे. पूर्वी म्हणे ही च्युइंगगमबरोबर मिळायची, आता मोठी माणसं त्यांच्यासाठी लिलावात भांडतात. सबनीसांकडे अशी खोकीच्या खोकी आहेत. मागच्या हिवाळ्यात ते ड्राइव्हवेवर घसरून पडले आणि बराच वेळ तसेच पडून राहिले. तेव्हापासून त्यांच्या मुलाचा, शंतनूचा, एकच धोशा : घर विका आणि कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आमच्याकडे या. त्याच्या टाउनहाउसमध्ये खोक्यांना जागा नाही. म्हणून कार्डांची किंमत ठरवायची आणि विकायची.

"किंमत मी कशी ठरवणार? मी पॅथॉलॉजिस्ट. आयुष्यभर लोकांच्या गाठी तपासल्या."

"म्हणूनच आलो. कार्डात खोट असली की भाव पडतो. खोट शोधायला तुमच्याइतकं चांगलं कोण मिळणार?"

ही स्तुती होती की काय, कळलं नाही. आठवड्याभराचं काम म्हणून हो म्हटलं.

१२ जानेवारी, रविवार

या विषयाचा अभ्यास केला. चार गोष्टी बघायच्या. फोटो चौकटीच्या मधोमध आहे का. कोपरे टोकदार आहेत का. कडा शाबूत आहेत का. पृष्ठभागावर ओरखडा, सुरकुती, डाग आहे का. मग खेळाडू कोण, कार्ड त्याच्या पहिल्या वर्षाचं आहे का, तशी किती उरलीत. आणि शेवटी, तसंच कार्ड अलीकडे कुणी केवढ्याला घेतलं. मागितलेली किंमत धरायची नाही, प्रत्यक्षात मिळालेली धरायची. हे मला पटलं. मागायला काय, कोणीही काहीही मागतं.

मग दिवा लावून पहिलं कार्ड भिंगाखाली सरकवलं, आणि खेळाडू नाहीसा झाला. राहिले नुसते ठिपके. गुलाबी, निळे, पिवळे, एकमेकांना खेटून. फार जवळ गेलं की माणूस उरत नाही, हे मला लॅबच्या स्लाइड्सवरून माहीत आहे. पण इथे ठिपक्यांच्या मागे एक मोठी पांढरी जागा होती. बर्फ. पांढरा म्हणावा तर त्यात फिकट निळा, मध्येच राखी, कुणाच्या तरी सावलीचा जांभळा. मी कार्ड बोटाने हळूहळू सरकवत त्या बर्फावरून चालत राहिले. पावलांचा आवाज येत नव्हता. मान वर केली तेव्हा चहा निवला होता, खिडकीबाहेर तोच रंग आभाळातून पडत होता, आणि मी काचेच्या नेमकी कुठल्या बाजूला आहे ते क्षणभर कळेना.

१८ जानेवारी, शनिवार

मंडळाची संक्रांत झाली. सबनीस जेवायला थांबले, आणि चक्क माझ्या टेबलावर बसले. कार्डांबद्दल बोलायचं असेल असं वाटलं, पण कार्डांचा विषय निघालाच नाही. तिळगूळ देताना म्हणाले, "तुमच्या बाबतीत 'गोड बोला' म्हणायची सोय नाही. तुम्ही खरंच बोलता." मी म्हटलं, सवय आहे.

त्यांची पद्धत मात्र वेळखाऊ आहे. एका वेळी मूठभर कार्डं आणतात. ती झाली की मग पुढची मूठ. मी म्हटलं, सगळी एकदम आणा, माझाही वेळ वाचेल. तर म्हणाले, खोकी फार जड आहेत, कंबर धरते.

काल रात्रभर बर्फ पडला होता. सकाळी उठून बघते तर माझा ड्राइव्हवे कुणीतरी साफ करून ठेवलेला, घसरू नये म्हणून वर मीठही टाकलेलं. त्यांचंच काम. मिठाची ती भली मोठी गोणी त्यांनी खांद्यावरून आणली असणार. कंबर धरणाऱ्या माणसाने असली कामं करू नयेत. सांगायला हवं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज एक नवीनच कळलं. मी भिंगातून बघत होते आणि ते नेहमीसारखे समोरच्या खुर्चीत बसले होते.

"डॉक्टर, खेळाडूच्या मागे बघा. गोलच्या जाळीच्या डावीकडे. काय दिसतं?"

"बर्फ."

"माझा आहे."

मला वाटलं गंमत करतायत. पण खरंच. सबनीस रेफ्रिजरेशनचे इंजिनियर. पूर्ण नोकरी त्यांनी या भागातल्या आइस रिंकची यंत्रं बसवण्यात घालवली. लहानसहान गावांच्या टीम, चौकीदार, सामान सांभाळणारे, सगळे ओळखीचे. त्यांच्याकडून कार्डं मिळत गेली. ज्या कार्डावर आपला बर्फ दिसतो ते त्यांनी जपलं. खेळाडूंची नावं त्यांना धड येत नाहीत.

"मॅच तरी बघायचात का?"

"थोडी. मग खाली मशीनरूममध्ये जायचो. वर माणसं ओरडतायत, खाली माझे कॉम्प्रेसर. मंजुषा म्हणायची, अहो, लोक नाटक बघतात, तुम्ही स्टेजच्या फळ्या बघता."

मग बर्फ कसा बनवतात ते सांगत बसले. जमिनीत नळ्या, त्यांतून गार केलेलं खारं पाणी फिरतं. वर पाण्याचा तलम फवारा मारायचा आणि गोठू द्यायचा. मग दुसरा. मग पांढरा रंग, कारण बर्फाला स्वतःचा रंग नसतो. मग रेषा, मग परत थर. "एकदम पाणी ओतलं की काम लवकर होतं, पण बर्फ ठिसूळ होतो. एक थर पूर्ण धरू द्यायचा, मगच पुढचा. घाई केली की तडा जातो."

मी म्हटलं, लॅबमध्ये तपासायला टिश्यू तयार करतानाही असंच असतं, घाई केली की नमुना फुकट जातो. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. माझ्या चष्म्यावर काही लागलं होतं की काय, बघितलं. नव्हतं.

अडचण अशी की ज्या कार्डांवर त्यांचा बर्फ आहे ती बाजारात कवडीमोलाची. खेळाडू कुणाला माहीत नाहीत. भावाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. कोरा ठेवला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शुक्रवारी त्यांची योगाची बॅच असते, तरी आज आले. कोट घालून. सोबत दोनच कार्डं आणि चॉकलेटचा लाल डबा. म्हणाले, फार्मसीत सेलवर होते. माझ्या समजुतीप्रमाणे ही चॉकलेटं उद्यापासून सेलवर जातात, पण असेल.

चॉकलेटं चांगली होती. कार्डं साधारण.

इशिताचा पार्सिपनीहून फोन आला तेव्हा हे सगळं तिला सांगितलं. माझी ही भाची लहानपणापासून आगाऊ. ती नुसतं "ओह, मावशी!" म्हणाली आणि हसत सुटली. काय झालं विचारलं तर "नथिंग, नथिंग. चॉकलेट खा."

२२ फेब्रुवारी, शनिवार

कार्डांच्या दुकानात गेलो. लाँड्री आणि टॅक्सच्या ऑफिसमध्ये दबलेलं छोटं दुकान. मालकाचं नाव ग्लेन, आवाज हळू, हातात कापडी मोजे. मी निवडून काढलेली कार्डं त्याने बघितली आणि माझे अंदाज जवळपास सगळे बरोबर म्हणाला. उगाच लपवू कशाला, मला फार बरं वाटलं. या वयात नवीन परीक्षा आणि तीही पास.

निघताना सबनीसांनी खिशातून आणखी एक कार्ड काढलं. ते मी आधी बघितलं नव्हतं. रेमी डुफ्रेन नावाचा गोलकीपर, पहिल्या वर्षाचं कार्ड. ग्लेनचा चेहराच बदलला. असं दुसरं त्याने एवढ्या चांगल्या अवस्थेत पाहिलेलं नाही. कार्ड अस्सल निघालं तर बाकीच्या सगळ्या खोक्यांपेक्षा हे एकटं भारी. पण आधी ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवून घ्यायला, पाठवावं लागेल. तिथले लोक मुख्य बघतात ते म्हणजे कडा नंतर कापून नीट केल्या नाहीत ना. कापलेलं असेल तर भाव गेला.

"पाठवू," सबनीस म्हणाले. "पण आधी आमच्या डॉक्टर बघतील."

गाडीत मी म्हटलं, "इतके दिवस हे का नाही दाखवलंत?"

"राहून गेलं," म्हणाले, आणि वायपर लावले. बाहेर काही पडत नव्हतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कार्ड बघितलं. मग उठून सिंक घासलं. परत येऊन बघितलं.

कारखान्यात कापलेल्या कडेला पुठ्ठ्याचे बारीक तंतू किंचित ओढल्यासारखे दिसतात. सगळीकडे सारखे. या कार्डाच्या कडा गुळगुळीत आहेत, चारही बाजूंनी, आणि एका ठिकाणी कापताना पातं उचलून पुन्हा टेकवल्याची इवलीशी पायरी. लांबीही किंचित कमी. हे कार्ड हाताने कापलंय. शंका नाही.

पन्नास जणांना विचारलं तरी हेच म्हणतील. पण सांगायचं मला आहे. इतकी वर्षं मी निदान लिहायचे आणि सही करायचे. पेशंटच्या समोर बसून बोलायचं काम सर्जनचं. मला वाटायचं, कठीण भाग माझा. आज भांडी विसळताना वाक्यं म्हणून बघितली. "मोरेश्वर, मला जरा तुमच्याशी बोलायचंय." "हे बघा, वाईट वाटून घेऊ नका." सगळी खोटी वाटली.

दुपारी सोफ्यावर डोळा लागला. स्वप्नात मी एका गोठलेल्या तळ्यावर आईची नारायणपेठ नेसून उभी होते. थंडी अजिबात नव्हती. कुणीतरी मोठी कात्री घेऊन तळ्याची कड कापत येत होतं, शांतपणे, शिंप्यासारखं. तळं लहान होत होतं. मी भीतीने हलले नाही, पण एकीकडे वाटत होतं, दुसरंही कुणीतरी या बर्फावर आहे, माझ्या पाठीशी, आणि मी मागे वळून बघितलं तर ते हसेल. जाग आली तेव्हा खिडकीवरची बर्फाची सुई थेंब थेंब गळत होती.

१ मार्च, शनिवार

शंतनूचा फोन आला. नंबर बाबांकडून घेतला म्हणे.

"वसुधामावशी, सॉरी, तुम्हाला डिस्टर्ब करतोय. पण बाबांना विचारलं की प्रत्येक वेळी म्हणतात, डॉक्टरांचं बघून व्हायचंय. घर विकणारा रिअल्टर थांबलाय. तुम्ही थोडं फास्ट कराल का, प्लीज?"

मी शरमले. एवढ्याशा कामाला माझ्यामुळे दोन महिने लागले असं त्या पोराला वाटतंय.

"मावशी, लास्ट इयर ते पडले ना, तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. दोन मिस्ड कॉल. शेवटी कुरिअरवाल्याने उचललं त्यांना. मी इथून काहीच करू शकत नव्हतो. आता प्रत्येक वेळी फोन वाजला की..."

मी शब्द दिला, आठवड्यात संपवते.

लगेच गाडी काढून मोरेश्वरांकडे गेले आणि सगळी खोकी मागितली. ते दारात गोंधळून उभे. "सगळी? आत्ता?" मी एकेक उचलून डिकीत ठेवली. मुळीच जड नव्हती.

६ मार्च, गुरुवार

संपलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून सगळं संपवलं, पाठ मोडली. कुठलं विकायचं, कुठलं एकगठ्ठा द्यायचं, कशाचा काय भाव, सगळं स्वच्छ.

त्यांना बोलावून सांगितलं. वाटलं, सुटकेचा श्वास टाकतील.

"झालं?" ते म्हणाले.

"झालं."

"सगळं?"

"सगळं. फक्त डुफ्रेनचं राहिलंय."

ते टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. केलेले पोहे तसेच टाकले. डुफ्रेनच्या कार्डाची काळजी लागली असणार. माझी जीभ रेटेना. परवा सांगते म्हटलं.

८ मार्च, शनिवार

सांगितलं.

ते आले, कोट खुंटीला लावला, बसले. मी चहा पुढे केला आणि तयार केलेली सगळी वाक्यं विसरले. म्हटलं, "हे कार्ड हाताने कापलेलं आहे. याला भाव येणार नाही. मला वाईट वाटतं."

त्यांनी साखर ढवळली. "मीच कापलंय."

मी कप खाली ठेवला.

"छापखान्यातून अख्खा ताव यायचा, त्यावर ओळीने कार्डं. एक खराब झालेला ताव टीमच्या सामानवाल्याने मला दिला. डुफ्रेनच्या पायाशी बघा, माझा बर्फ आहे, मिलवॉकीजवळच्या रिंकचा. मी ऑफिसच्या कटरने कापलं. पट्टी सरकली म्हणून पातं एकदा उचललं. सापडलं ना ते तुम्हाला?"

"सापडलं."

"वाटलंच होतं." आणि त्यांचा चेहरा इतका खुलला की मला राग आला.

"मोरेश्वर, तुम्हाला ठाऊक होतं तर मला का दिलंत? मी आठवडाभर झोपले नाही."

"बाकीची कार्डं संपत आली होती," ते म्हणाले.

हे काही उत्तर नव्हतं. मी तसं म्हटलंही. ते हसले. निघताना कार्ड माझ्याकडे सरकवलं. मी म्हटलं, मी पेशंटकडून भेटी घेत नाही.

"मी पेशंट नाही," ते म्हणाले. "आणि भाव नाही असं तुमचंच निदान. मग घ्यायला काय हरकत?"

घेतलं.

२२ मार्च, शनिवार

घराला गिऱ्हाईक मिळालं. शंतनू पाडव्याला येतोय, आठ दिवसांनी बापलेक एकत्र जाणार.

आज मोरेश्वर म्हणाले, "कार्डावरचा बर्फ खूप बघितलात. चला, खरा दाखवतो." इथून पंचवीसेक मैलांवर त्यांनी बसवलेलं एक रिंक अजून चालू आहे. मुलांचं सेशन नुकतंच संपलं होतं. मॅनेजर जुना ओळखीचा, त्याने त्यांना मिठी मारली, मशीन यायला वेळ आहे म्हणाला आणि आम्हाला बुटांनिशी आत सोडलं. मी नको म्हणत होते. पडलेला माणूस, पुन्हा पडला तर शंतनूला काय सांगू? पण मोरेश्वर बर्फावर असे चालत होते जशी मी लॅबच्या फरशीवर चालायचे.

अगदी मधोमध नेलं. मी त्यांची बाही घट्ट धरली होती. आत कुणी नव्हतं. छताचे दिवे बर्फात खोलवर उतरल्यासारखे, वर आणि खाली दोन्हीकडे तेवढाच उजेड. पायाखाली निळी रेघ होती, पण बर्फाच्या वर नव्हे, आत. काचेच्या दोन थरांत अडकलेली. स्केट्सच्या असंख्य रेषा तिच्यावरून गेलेल्या, एकही तिच्यापर्यंत पोचलेली नाही. मी वाकून बघतच राहिले. तळव्यातून एक बारीक थरथर वर येत होती.

"कॉम्प्रेसर," ते म्हणाले. "माझा आहे. चाळीस वर्षं झाली."

मला वाटत होतं, आपण कुणाच्या तरी कार्डाच्या मागच्या पांढऱ्या जागेत उभे आहोत आणि पुढे काय खेळ चाललाय त्याच्याशी आपला संबंध नाही.

"फ्रीमाँटला बर्फ नाही," ते म्हणाले.

"नसतो. तिथे तुमचं हाड मोडणार नाही."

ते थोडं हसले. "वसुधा, तुम्ही जर..."

तेवढ्यात भोंगा वाजला, कोपऱ्यातलं दार उघडून बर्फ साफ करायचं मशीन आलं आणि आम्हाला बाजूला व्हावं लागलं. काठावर उभं राहून बघितलं. मशीन जिथून गेलं तिथे पाण्याची पातळ साय, आणि बघता बघता ती धरली. सगळ्या रेषा गेल्या.

वाक्य अर्धं राहिलं. विचारायला हवं होतं का? आणि आज त्यांनी मला डॉक्टर म्हटलं नाही, हेही आत्ता लिहिताना लक्षात आलं.

३० मार्च, रविवार. गुढी पाडवा

शंतनू आला. बापासारखाच उंच, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दुकानातलं श्रीखंड घेऊन तिघं माझ्याकडे जेवलो. काल ग्लेनने कार्डं नेली, माझ्या अंदाजाच्या आसपासच भाव दिला. बर्फाची कार्डं त्याने बाजूला काढून परत दिली. ती शंतनूने न विचारता आपल्या बॅगेत भरली. "एवढी जागा आहे, बाबा," म्हणाला. चांगला मुलगा आहे.

निघताना मला वाकून नमस्कार केला. "मावशी, तुम्ही नसता तर हे कधीच झालं नसतं."

हे वाक्य दिवसभर घशात अडकल्यासारखं वाटतंय. आंबट होतं का श्रीखंड?

६ एप्रिल, रविवार

गेले. ओहेअर विमानतळावर मीच सोडलं. गाडीत मी टर्मिनलच्या पाट्या वाचत राहिले, मोठ्याने.

९ एप्रिल

मायक्रोस्कोपवर कव्हर घातलं.

११ एप्रिल

काढलं. मिठाचा खडा बघितला. मग साखरेचा. साखर जास्त सुंदर दिसते, पण त्याचं काय करायचं?

१९ एप्रिल, शनिवार

मोरेश्वर रोज सकाळी फोन करतात. बोलणं काही नसतं. घराच्या मागचे डोंगर अजून हिरवे आहेत, शंतनू सांगतो मे महिन्यात सोनेरी होतात. जवळच्या बागेत मराठी, गुजराती, तेलुगू म्हातारे बाकावर बसतात, हेही बसतात. "बरं आहे," म्हणतात. बरं आहे म्हणजे काय, हे मी कुठल्याच रिपोर्टमध्ये कधी लिहिलं नाही.

इशिताला हे सांगत होते तर म्हणाली, "मावशी, यू आर इन लव्ह, यार. साऱ्या पार्सिपनीला कळलंय, तुला सोडून."

मी म्हटलं, सँपल न बघता निदान करू नये. फोन ठेवला. या मुलीला मर्यादा नाही.

२६ एप्रिल, शनिवार

शंतनूचा फोन. कामाचं काही नव्हतं. म्हणाला, बाबा ठीक आहेत, बीपी नॉर्मल, जेवतात. "पण मावशी, ते सगळ्याला हो म्हणतात. माझे बाबा कधीच सगळ्याला हो म्हणायचे नाहीत. आय थॉट, सेफ आहेत म्हणजे झालं." मग विचारलं, "ते तिकडे असे नव्हते ना?"

"नव्हते," मी म्हटलं. "इथे त्यांनी वादात मला दोनदा हरवलंय."

तो हसला, आणि मला वाटतं, रडलाही. मी वितळणाऱ्या बर्फाबद्दल काहीतरी असंबद्ध बोलले.

३ मे, शनिवार

आज रिंकवर गेले. एकटी. का, ते विचारू नये. गाडी काढली तेव्हा ग्रोसरीला निघाले होते.

बाहेर ट्यूलिप फुललेले, आत हिवाळा. काठावर उभी राहिले. एक लहान मुलगी वडिलांचं बोट धरून पडत होती, उठत होती, पुन्हा पडत होती. मी त्या मधल्या जागेकडे बघत होते, जिथे आम्ही उभे होतो. तिथे काही नव्हतं. तरी मला दोघं दिसत होती, फार स्पष्ट, कडांसकट. त्यातली ती बाई बाही धरून उभी होती, आणि तिच्या पकडीवरून कुणीही ओळखलं असतं. आंधळ्यानेही.

मॅनेजर येऊन शेजारी उभा राहिला. मला ओळखलं. "तुमचे मिस्टर आज आले नाहीत?" त्याने विचारलं.

मी आयुष्यभर चुकीचं नाव, चुकीची तारीख, चुकीची बाजू लिहिलेला एकही कागद तसाच हातावेगळा केला नाही, दुरुस्त करूनच पुढे पाठवला.

"कॅलिफोर्नियात आहेत," मी म्हणाले. "मी जाणारच आहे."

घरी येईपर्यंत ग्रोसरी विसरले. येऊन तिकीट काढलं.

१० मे, शनिवार. फ्रीमाँट

सॅन होजेच्या विमानतळावर दोघंही आले होते. शंतनू गाडीपाशी, मोरेश्वर आत, बॅगांच्या पट्ट्याजवळ. बारीक झालेत. मला बघून त्यांनी हात वर केला आणि तो खाली घ्यायचा विसरले.

बॅग त्यांनीच उचलली. चालता चालता, समोर बघत विचारलं, "परत कधी?"

"परतीचं तिकीट काढलेलं नाही."

ते थांबले. मागून येणारी बाई आमच्यावर आपटली, सॉरी म्हणून पुढे गेली.

"शॉमबर्गचं घर?"

"इशिता म्हणते भाड्याने दे. इथेही भाड्याने मिळतं असं ऐकलंय, तुमच्या बागेपलीकडे. चौकशी करू. पण मोरेश्वर, त्या दिवशी रिंकवर तुम्ही 'वसुधा, तुम्ही जर' म्हणालात आणि मशीन आलं. पुढचं मला ऐकायचंय. पूर्ण. मी अर्धे रिपोर्ट स्वीकारत नाही."

त्यांनी तिथेच, बॅग हातात धरून, पूर्ण केलं. काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

शंतनूने पुढचं दार उघडून धरलं होतं, पण मोरेश्वर मागे माझ्या शेजारी येऊन बसले. त्याने आरशातून आमच्याकडे बघितलं आणि फक्त "बाबा, सीटबेल्ट" म्हणाला. त्यांना ते बकल जमेना. मी त्यांचा हात धरून लावून दिलं.

मग हात तिथेच राहिला. फ्रीवेच्या उजव्या बाजूला डोंगर होते, अर्धे हिरवे, अर्धे सोनेरी व्हायला लागलेले. शंतनू डावीकडच्या लेनमधून निघून हळूच उजवीकडच्या, संथ लेनमध्ये आला. घाई कुणालाच नव्हती.